थाळी फिरतेय, शिर्के

शिर्के,

पुण्याच्या ऑफिसनं तुझ्यावर शोकसंदेश पाठवलाय. त्यात तुला 'मितभाषी' म्हटलंय. पत्ता चुकला की काय म्हणून मी तो दोनदा वाचला. कुठली केबल कुठं लावायची एवढंच विचारलं तरी जो माणूस चुलत्याच्या म्हशीपासून सुरुवात करायचा, तो मितभाषी. इथं उरणला माझ्या हाताखाली असलेल्या मोकलला वाचून दाखवला तर तो म्हणाला, "मॅडम, दुसरा कोनतरी शिर्के असंल." आम्ही दोघं हसलो. मग तो चहा आणायला म्हणून गेला आणि बराच वेळ परत आलाच नाही.

तेव्हा म्हटलं, आपणच लिहू. चार ओळींच्या वरची मेल वाचायचा तुला कंटाळा, हे ठाऊक आहे मला. पण आता तुझ्याकडे वेळच वेळ आहे, आणि मुख्य म्हणजे तुला मध्ये बोलता येणार नाही. अशी संधी मला इतक्या वर्षांत मिळाली नव्हती. आणखी एक अडचण सांगून ठेवते. तुला 'मेल्या' म्हणायची माझी जुनी सवय. ती आता दिवसातून चार वेळा तोंडाशी येते आणि मी जीभ चावते. या लेखात कुठं चुकून निसटलं तर समजून घे.

लोकांना वाटतं आपण शेजारी शेजारी बसून काम केलं. आपण भेटलो किती, तर वर्षातून एखाद-दोनदा. तू म्हसळ्याच्या वर डोंगरावर, मी उरणला कंटेनरच्या गोदामांमागं, आणि मध्ये आडवा पडलेला जिल्हा आणि त्यातले खड्डे. बाकी सगळं फोनवर. माझा नवरा रोज विचारायचा, "तुझा फोनवरचा संसार आटोपला असेल तर जेवायला वाढू का?" तुझ्या घरून वहिनीही तेच विचारायच्या, हे मला दहाव्याला कळलं.

आपलं काम नातेवाइकांना समजावून सांगायची तुझी पद्धत मला कधी पटली नाही, पण दुसरी सुचतही नाही. उपग्रह डोक्यावरून जातो तेव्हा जाता जाता स्वतःची तब्येत सांगत जातो. बॅटरी किती आहे, अंग किती तापलंय, तोंड कुठल्या दिशेला आहे. ती आपण ऐकायची आणि ज्यांचा उपग्रह आहे त्यांच्याकडे जशीच्या तशी पाठवायची. सुधारायची नाही, आपलं मत जोडायचं नाही. पोस्टमनचं काम, फक्त पत्र लिहिणारा पळत असतो आणि थोड्या मिनिटांत डोंगराआड जातो. या त्याच्या एका फेरीला आपण पास म्हणतो.

डिश दोन्हीकडे आहे. दोघांनी ऐकायचं, पण पाठवायचं एकानंच. पाठवणारं मुख्य केंद्र म्हसळा, राखीव केंद्र उरण. म्हणजे बोलायचं काम तुझं, आणि सगळं ऐकून घेऊन गप्प बसायचं काम माझं. माझं! माहेरी चार ट्रकवाले भाऊ जेवताना एकाच वेळी बोलतात, आणि त्या चौघांच्या वर माझा आवाज जातो. मी पगार गप्प बसण्याचा घेते, हे माझ्या आईला अजून खरं वाटत नाही.

तुझं मशीन माझ्या मशीनला दर थोड्या सेकंदांनी 'मी ठीक आहे' असं कळवत असतं. ते कळवणं थांबलं की उरणला भोंगा वाजतो. आणि भोंगा वाजल्यावर काय करायचं, इथून आपलं भांडण सुरू होतं. माझं म्हणणं सरळ होतं. म्हसळा गप्प झालं की उरणनं आपणहून ताबा घ्यावा, ऑटोमॅटिक, कुणाला विचारत बसू नये. माणूस फोन शोधतो, चष्मा शोधतो, तोवर अर्धा पास निघून जातो. तुझं म्हणणं एकच. "आधी फोन करायचा. मशीनला काय कळतंय, समोरचा मेलाय का चहा पितोय?"

तेव्हापासून भोंगा वाजला की मी फोन लावायची आणि हॅलो न म्हणता विचारायची, "शिर्के, जिवंत आहेस का?" तू म्हणालास "चहा पितोय," तर म्हसळ्याचं सगळं चालू आहे, नुसती आपल्या दोघांमधली लाइन गेलीय, घेऊ नकोस. आणि खरंच काही बिघडलं असेल तर तू म्हणायचास, "गेलो, घरतबाई. घ्या तुम्ही." एरवी आपलं अरे-तुरे. ताबा देताना मात्र तू मला 'घ्या तुम्ही' म्हणायचास. ते मला का कुणास ठाऊक फार आवडायचं, हे तुला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तू मुद्दाम 'घे गं' म्हणाला असतास.

लाइन तरी कशा होत्या आपल्या. फायबर माणगावजवळ तुटायची. महामार्गाचं काम सुरू आहे, ते सुरूच आहे, आणि तिथला जेसीबी आपल्या फायबरवर डूख धरून असल्यासारखा तिलाच उकरून काढायचा. गणपतीत जेसीबीवाला आपल्या गावी जायचा, फायबर सुखरूप राहायची. पण तेव्हा मोबाइलवरची राखीव लाइन बसायची, कारण मुंबईहून आलेला प्रत्येक चाकरमानी घरची आरती व्हिडिओवर दाखवत असायचा. तू पुण्याला अहवाल लिहिलास, 'आपली मुख्य लाइन जेसीबीच्या हातात आणि राखीव लाइन बाप्पाच्या हातात आहे.' तिथल्या आपल्या दामले सरांनी ते खोडून 'बाह्य घटक' असं केलं. जेसीबी आणि बाप्पा मिळून एक बाह्य घटक. तू आठवडाभर त्याच्यावरून हसत होतास.

ऑटोमॅटिकला तू एकदाच हो म्हणालास. महिनाभर करून बघू म्हणालास, माझं तोंड बंद व्हावं म्हणून. त्याच महिन्यात जेसीबीनं हात दाखवला. माझ्या मशीनला वाटलं म्हसळा गेलं, त्यानं शहाण्यासारखा ताबा घेतला. म्हसळा कुठंही गेलं नव्हतं, ते मोबाइलवरून इमानदारीत पाठवत बसलं होतं. उपग्रहवाल्यांकडे एकच माहिती दोनदा पोचली, तीही मागेपुढे होऊन. त्यांना वाटलं उपग्रहाचं घड्याळ फिरलं, त्याला काहीतरी झालंय. त्यांनी त्याची सगळी कामं बंद केली आणि त्याला पडून राहायला सांगितलं. धडधाकट उपग्रह आपल्यामुळं आजारी रजेवर गेला.

तू म्हणालास, "बघ, सांगत होतो." मी म्हणाले, चूक तुझ्या मशीनची, आपण आता मुख्य नाही हे त्याला कळायला नको? तू म्हणालास, कळवणार कोण, लाइनच तर तुटलेली. मी म्हणाले, मग त्याला आधीच शिकवून ठेवायचं. हे भांडण अजून तिथंच उभं आहे. मी त्यावर एक लांबलचक मेल लिहिली, तुला, आणि प्रत दामले सरांना. 'मानवी हस्तक्षेप हा या साखळीतला सर्वात कमकुवत दुवा आहे,' असं एक वाक्य त्यात होतं. मला ते लिहून झाल्यावर फार बरं वाटलं होतं. तुझं उत्तर आलं, 'चहा पितोय.'

आपलं दुसरं भांडण जेवणाचं. गावात तुझ्या डिशला थाळी म्हणतात, आणि थाळी फिरत असली की तू जेवायचा नाहीस. दुपारचा पास नेमका जेवणाच्या वेळेचा. वहिनींनी पाठवलेली भाकरी झाकून ठेवायचास आणि उपग्रह डोंगराआड गेला, थाळी फिरून सरळ आभाळाकडं तोंड करून उभी राहिली, की मग हात धुवायचास. मी म्हणायची, "अरे, वरून त्याला काय दिसतंय का तू काय खातोयस ते?" तू म्हणायचास, "समोरचा बोलतोय आणि आपण तोंडात घास घेऊन ऐकायचं? बरं दिसतं का ते?" मी इकडे बोंबील खात खात पास ऐकायची आणि मुद्दाम काट्याचा आवाज फोनवर ऐकवायची.

एक गोष्ट बोलायची राहिली. माझी आई दवाखान्यात होती तेव्हा तू रोज फोन करायचास. "लाइन तपासतोय, तुझ्याकडं नीट ऐकू येतंय का?" लाइनला काही झालेलं नव्हतं, भोंगा वाजलेला नव्हता. मला ते कळत होतं, आणि मला कळतंय हे तुलाही कळत होतं. आई कशी आहे असं तू एकदाही विचारलं नाहीस, कारण विचारलं असतंस तर मी रडले असते, आणि रडणाऱ्या बाईशी काय बोलायचं हे तुला ठाऊक नव्हतं. तू आपला लाइन तपासत राहिलास. मी 'ऐकू येतंय' म्हणत राहिले. त्या दिवसांत मला त्याच फोनचा आधार होता, शिर्के. थँक्यू म्हणायला हवं होतं.

तू गेलास त्या दिवशी भोंगा वाजला नाही. मशीन व्यवस्थित चाललं होतं. इकडं स्क्रीनवर सगळे दिवे हिरवे, 'मी ठीक आहे, मी ठीक आहे,' आणि तू तिकडं घरी, सुट्टीच्या दिवशी, वहिनींना पाणी दे म्हणालास आणि पाणी येईपर्यंतही थांबला नाहीस. मला दुपारी तुझ्या भावाचा फोन आला. नंबर तुझा होता, म्हणून मी सवयीनं म्हणाले, "काय रे, आज काय बिघडवलंस?" पलीकडे बाळादादा होते.

दोन-तीन दिवसांनी दामले सरांचा फोन. फार सौम्य आवाजात म्हणाले, "घरत मॅडम, तुमचं इतक्या वर्षांचं म्हणणं शेवटी मान्य करायचं ठरलंय. शिर्क्यांच्या जागी माणूस भरत नाही. म्हसळा मशीनवर चालू ठेवू, ताबा ऑटोमॅटिक. तुम्ही फक्त दहावं झालं की सोमवारी अहवाल द्या, मी सही करतो." मी जिंकले, शिर्के. इतकी वर्षं भांडून जिंकले, आणि ज्याला चिडवायचं तो जागेवर नाही. वर हेही कळत होतं की आज खुर्ची गेली की उद्या त्या खोलीला कुलूप लागणार, आणि परवा कुणीतरी विचारणार, डोंगरावर ही डिश हवीच कशाला. तुझं केंद्र राहणार की जाणार, ते माझ्या अहवालावर होतं. आणि त्या अहवालासाठी लागणारी सगळी वाक्यं माझ्याच जुन्या मेलमध्ये तयार होती.

मी अहवाल लिहिला नाही. दहाव्याला तुझ्या गावी आले.

नदीवर सगळे जमले होते. तिथून मान वर केली की डोंगरावरची थाळी समोर दिसते, हे मला माहीत नव्हतं. पिंड मांडले, बाजूला तुझ्या आवडीचं ठेवलं. कांद्याची भजी, तंबाखूची पुडी आणि तुझ्या स्टीलच्या पेल्यात चहा. करंजावर कावळे भरपूर. सगळे बघतायत, खाली कुणी येईना. बाळादादांनी हात जोडले. "मोहन, पोरीचं शिक्षण पुरं करू. काय काळजी करू नको." कावळा हलला नाही. मग तुझे ते म्हशीवाले काका पुढं झाले आणि म्हणाले, "बांधावरनं तुझं नि माझं जे व्हतं, ते तुझ्या मनापरमानं सोडलं मी." कावळा तरी हलला नाही. तेव्हा काकांनी भटजींना हळूच विचारलं, दिलेला शब्द परत घेता येतो का.

मग लोक माझ्याकडं बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, "हापिसातलं काय ऱ्हायलंय का याचं?" वहिनी म्हणाल्या, "घरतताई, तुम्ही बोला. तुमच्याशीच जास्त बोलायचे ते."

मी पुढं झाले. कधी असलं काही केलं नव्हतं. पण उभी राहिले आणि म्हणाले, "शिर्के, ऑटोमॅटिक करणार नाही. दामल्यांना नाही म्हणून सांगते. तुझ्या जागी माणूस मागते." गावातल्या लोकांना त्यातलं अक्षर कळलं नाही, पण सगळ्यांनी वर बघितलं. कावळ्यानं मानसुद्धा वळवली नाही. खरं सांगते, दुःखबिख राहिलं बाजूला, मला संताप आला. आयुष्यभर ज्याच्यासाठी माझं डोकं खाल्लंस ते मी दहा माणसांसमोर कबूल केलं, आणि तरी साहेबांचं समाधान नाही.

भटजींना पुढं श्रीवर्धनला दुसरं काम होतं. त्यांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ. शास्त्रात तशी सोय आहे." आणि दर्भ हातात घेऊन पीळ द्यायला लागलेसुद्धा. माना डोलल्या. ऊन चढलं होतं, लोकांना भूक लागली होती.

मी म्हणाले, "थांबा."

भटजी थांबले. मी म्हणाले, "तो दर्भाचा कावळा राखीव आहे ना? मग तो इतक्यात कशाला? आधी खरा येणारच नाही की नुसता थांबलाय, ते तरी बघा." असं म्हणताना मला माझाच आवाज ऐकू आला, आणि मी कुणाची बाजू घेतेय ते कळलं. शिर्के, तू तिथं असतास तर वर्षभर पुरवून पुरवून हसला असतास.

भटजी म्हणाले, "बाई, थांबून काय होणार?"

मी काही बोलणार तोवर नजर वर गेली. डोंगरावर थाळी हलत होती. सावकाश, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला. दुपारचा पास सुरू झाला होता.

"तो आत्ता जेवणार नाही," मी म्हणाले. "थाळी फिरतेय."

सगळ्यांनी डोंगराकडं बघितलं. बाळादादा म्हणाले, "व्हय की. फिरतेय. मंग कसा जेवंल तो?" आणि ते चक्क खाली बसले. त्यांचं बघून बाकीचेही बसले. भटजींनी एकेकाच्या तोंडाकडं बघितलं, पण त्या गावात तुझी ही सवय शेंबड्या पोराला ठाऊक होती, त्यामुळं त्यांना कुणी दाद दिली नाही. दर्भ बाजूला ठेवून तेही बसले.

आणि तेवढ्यात तुझा फोन वाजला. वहिनींच्या पिशवीत. तोच आवाज, तू पहिल्या पासचा रेकॉर्ड करून ठेवलेला, टूं टूं टूं. वहिनींनी घाबरून उचलला, आणि फोन उचलताना वहिनींचा अंगठा नेहमी स्पीकरवर पडतो. तर नदीवर, पिंडासमोर, साऱ्या भाऊबंदांच्या मध्ये मोकलचा आवाज खणखणीत आला.

"शिर्के सर, जिवंत हाय का?"

उरणला भोंगा वाजला होता. भिंतीवरच्या यादीत पहिला नंबर तुझा होता, आणि मोकलनं तो लावून सवयीनं सवयीचं वाक्य टाकलं होतं. नंतर तो माझ्या पाया पडायचाच बाकी राहिला. "मॅडम, भोंगा वाजला की हात आपोआप चालतो हो, आनि तोंडपन." पण त्या घटकेला नदीचं पाणी तेवढं वाहत होतं, बाकी सगळं थांबलं होतं. काकांचा जबडा खाली आला होता.

वहिनींनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं, आता रडतील. त्या हसल्या, शिर्के. खांदे हलेपर्यंत हसल्या. मग त्यांनी डोंगराकडं बघितलं, तुझ्या पेल्याकडं बघितलं, आणि फोनमध्ये म्हणाल्या, "थाळी फिरतेय, मोकलभाऊ. चहा पितायत ते. घेऊ नका."

इतकी वर्षं घरात तेच ऐकून ऐकून पाठ झालं होतं त्यांना.

मी माझ्या फोनवरून उपग्रहवाल्यांना विचारलं, म्हसळ्याची माहिती पोचतेय का. पोचत होती, मोबाइलच्या लाइनवरून, एकदाच आणि ओळीनं. माणगावला जेसीबीनं तुझ्या दहाव्याचाही मान ठेवला नव्हता. मोकलला म्हटलं, वहिनी म्हणाल्या तेच कर. त्यानं काही केलं नाही, आणि तेच बरोबर होतं.

मग थाळी फिरत फिरत डोंगराच्या त्या अंगाला झुकली, थांबली आणि सरळ होऊन आभाळाकडं बघत उभी राहिली. करंजावरचा एक कावळा खाली आला. आधी चहाचा पेला पाडला, मग भजी उचकटली आणि मग पिंडाला शिवला. मी विज्ञान शिकलेली बाई आहे. माणसं खाली बसली होती, गोंगाट थांबला होता, म्हणून कावळा धजावला असेल. पण हे मी त्या गावात कुणाला सांगणार नाही, आणि तूही सांगू नकोस. काकांनी तेवढ्यात उठून जाहीर केलं की कावळा थाळीमुळं थांबला होता, बांधाचा काही संबंध नव्हता.

सोमवारी दामले सरांनी मला माझीच मेल वाचून दाखवली. कमकुवत दुवा वगैरे सगळं, आवाजात चढउतार करून. मी म्हणाले, "सर, ती मेल मी शिर्क्यांना चिडवायला लिहिली होती."

"पण प्रत मला होती."

"तुम्हाला प्रत असल्याशिवाय ते चिडत नसत."

मग मी फायबर कधी तुटली ते सांगितलं, आणि ऑटोमॅटिक असतं तर त्या दुपारी उपग्रह पुन्हा कसा आजारी पडला असता तेही सांगितलं. सरांनी सगळं नीट ऐकलं. मग म्हणाले, "पण त्या वेळी म्हसळ्याला तर कुणीच नव्हतं. मग फोनवर खात्री करून कुणी सांगितलं?"

मी म्हणाले, "तिथल्या माणसानं."

"कोण माणूस?"

"तेच तर म्हणतेय, सर. तिथं एक माणूस लागतो. दर वेळी दहावं असणार नाही."

दामले सर 'बघतो' म्हणाले, आणि त्यांनी खरंच बघितलं. तुझी खुर्ची राहिली, शिर्के. जागा भरणार आहेत. अटींमध्ये मी लिहिलं होतं, 'पास सुरू असताना न जेवणारा असावा.' सरांनी ते खोडून 'कामाप्रती निष्ठा' असं केलंय. तू असतास तर आठवडाभर पुरलं असतं आपल्याला.

नवा माणूस येईपर्यंत उरणला मुख्य करा, तुम्हीच पाठवा, असं पुण्याचं म्हणणं आलं. कागदावर एका ओळीचा बदल आहे. मी नाही म्हणून कळवलंय. कारण विचारलं तर 'तांत्रिक' असं लिहिलं.

काल दुपारी पासच्या वेळी माझा डबा उघडा होता. बोंबील, तळलेले, गरम. घास उचलला आणि स्पीकरवर ते टूं टूं सुरू झालं. मी घास खाली ठेवला आणि डब्याला झाकण लावलं. मोकलनं माझ्याकडं बघितलं आणि आपल्या डब्यालाही झाकण लावलं. दोघं हात आवरून बसलो. बोंबील गार होतात रे, आणि गार बोंबील चामड्यासारखे लागतात. इतकी वर्षं तू गार भाकरी खाल्लीस आणि एकदा तक्रार केली नाहीस, मितभाषी कुठला.

पुण्याला तांत्रिक म्हणून सांगितलं ते कारण तुला सांगते. नियम तुझाच आहे. भोंगा वाजला नाही, फोन आला नाही, आणि 'गेलो, घरतबाई, घ्या तुम्ही' असं तू मला म्हणालेला नाहीस. तोवर म्हसळा मुख्य आणि मी राखीव. इथं ऐकत बसलेय, डब्याला झाकण लावून.

तुझी,
वनिता घरत, उरण